पक सोडा, मान बघा

वाचकांचे प्रश्न

जूनअखेरीस एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी फेरी-फेरीने तरुण खेळाडू निवडून घेण्याचा सोहळा, उरकतो आणि जुलै उजाडता उजाडता संघांचे डेव्हलपमेंट कॅम्प लागतात. काही संघ हा सराव लोकांना बघू देतात, त्यामुळे कॅनडा-अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं नेमकी याच सुमारास येतात. या खेपेची निवडक पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं.

जुलैतही कॅम्प, सप्टेंबरातही कॅम्प. मुलगा म्हणतो, जुलैत कुणाची निवडच होत नाही. मग चाळीसेक पोरं गोळा करतात कशाला?
— एक वाचक, मिसिसागा

मुलाचं म्हणणं जवळपास बरोबर आहे. संघात कोण खेळणार हे सप्टेंबरात ठरतं. आधी नवोदितांचा कॅम्प आणि नवोदितांचे सामने, मग मुख्य ट्रेनिंग कॅम्प, मग सराव सामने आणि रोज थोडी थोडी कापाकापी. जुलैचा कॅम्प तीन ते पाच दिवसांचा असतो. त्यात यंदा ड्राफ्ट झालेली पोरं, गेल्या दोन-तीन वर्षांतली अजून ज्युनिअर लीगमध्ये (साधारण सोळा ते विशीतल्या मुलांच्या), कॉलेजात किंवा युरोपात खेळणारी पोरं आणि कुठलाच करार नसलेले काही पाहुणे असतात. बर्फावर दिवसाचे एक-दोन तास जातात. बाकीचा वेळ डॉक्टरी तपासणी, जिममधल्या चाचण्या, आहार, झोप, पत्रकारांशी बोलणं, इतकंच काय, स्वयंपाकाचे धडे यांत जातो. अठरा वर्षांचं पोर पहिल्यांदा एकटं राहायला लागतं तेव्हा त्याचं वजन बर्फावर कमी आणि स्वयंपाकघरात जास्त बिघडतं, हे संघांना अनुभवाने कळलेलं आहे.

संघाला इथून मिळते ती पहिली नोंद. आज हा पोरगा इथे आहे, पुढच्या जुलैत कुठे असेल? ही तुलना एका कॅम्पवर होत नाही, दोन-तीन कॅम्प लागतात. म्हणून यंदाच ड्राफ्ट झालेल्यांबद्दल फार बोलू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आलेल्यांबद्दल मात्र जरूर बोलावं.

अपवाद पाहुण्यांचा. त्यांच्यासाठी ही खरीखुरी परीक्षा असते. मार्क जिओर्डानोला कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं. 2004 च्या उन्हाळ्यात कॅल्गरीने त्याला कॅम्पला बोलावलं, तिथून करार मिळाला आणि 2019 मध्ये त्याने सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, पण दर जुलैत पाहुण्यांच्या पायात जोर येतो तो त्यांच्यामुळेच.

उघड्या सरावाला जाणार आहोत. हातात चाळीस नावांची यादी असेल. दोन तास बसून नेमकं काय बघायचं? गेल्या वर्षी घरी आलो तेव्हा एकही चेहरा लक्षात नव्हता.
— एक वाचक, एडमंटन

आधी जागा बदला. काचेला नाक लावून बसलं की वेग अंगावर येतो आणि बाकी काहीच दिसत नाही. वरच्या रांगेत, ब्लू लाइन (संघाचा भाग मधल्या भागापासून वेगळा करणारी निळी रेषा) आणि कोपरा यांच्या मधे बसा. तिथून खेळाडू आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा दोन्ही एका नजरेत येतात.

मग यादीतली पस्तीस नावं खोडा. एका सरावाला पाच पोरं पुरेत, आणि त्या पाचांतलंही एका वेळी एकच. त्याची शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, सुरू झाली की संपेपर्यंत नजर त्याच्यावरून हलवायची नाही, पक (खेळातली रबरी चकती) रिंकच्या दुसऱ्या टोकाला असला तरी. सुरुवातीला हे जड जातं, कारण डोळा आपोआप पकामागे धावतो. पण शिफ्ट साधारण पंचेचाळीस सेकंदांची आणि त्यात पक एकाच्या स्टिकवर जेमतेम काही सेकंद राहतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, ते बघण्यासाठीच तर स्काउटला, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याला, पगार मिळतो.

एक प्रसंग जवळून बघा. प्रतिस्पर्ध्याने पक कोपऱ्यात टाकलाय आणि बचावपटू तो आणायला निघालाय. तोंड भिंतीकडे, सगळं मैदान पाठीशी, पाठीवर धावून येणारा एक फॉरवर्ड. तयारीचा पोरगा पकापाशी पोहोचायच्या आत दोनदा मान वळवतो. निघताना एकदा: कोण येतंय? शेवटच्या दोन-तीन पावलांत पुन्हा: कुठल्या खांद्यावरून येतंय? मग तो डाव्या बाजूला झुकल्यासारखं करतो, अंगावर येणारा तिकडे वळतो आणि पक उजवीकडून निघून जोडीदाराच्या स्टिकवर जातो. पास देताना त्याला वर बघावंही लागत नाही, कारण बघून झालेलं असतं. मान न वळवणारा पोरगा आधी पकापाशी पोहोचतो आणि मग बघतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात अंगावर माणूस आलेला असतो, आणि पक काचेवर आपटून कसाबसा बाहेर जातो, नाहीतर जागीच हरवतो. ज्युनिअरमध्ये हा दोष झाकला जातो, कारण तिथे तो बहुतेकांपेक्षा दांडगा असतो. वरच्या पातळीवर सगळेच दांडगे असतात.

म्हणून कागदावर चारच रकाने आखा. पहिला: पक मिळायच्या आधी मान वळली का? दुसरा: पास पहिल्याच स्पर्शात स्टिकवर बसला, की सावरायला आणखी एक स्पर्श लागला? तिसरा: पक गेल्यावर लगेच मागे फिरून तीन जोरदार पावलं टाकली, की मोठं वर्तुळ घेत घसरत आला? ते वर्तुळ आळसाची खूण असते, लांबून ती फार सुबक दिसते इतकंच. चौथा: आपल्या भागातून पक बाहेर कसा गेला? ताब्यात ठेवून, काचेवरून भिरकावून, की गमावून? बचावपटूला पाचवा रकाना द्या: समोरचा ब्लू लाइनवर आला तेव्हा दोघांमध्ये किती अंतर होतं? एक-दोन स्टिकांइतकं असेल तर उत्तम. त्याहून जास्त असेल तर त्याला स्वतःच्या उलट्या स्केटिंगचा भरवसा नाही, असं समजा.

हे रकाने ठरीव कवायतीत भरू नका. कवायतीत पक कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे मान वळवायचं कारणच नसतं. रिंक आडवी वाटून दोनास दोन, तिनास तीन असे छोटे खेळ लावतात, त्यासाठी कागद राखून ठेवा. कवायतीत बघायचं ते वेगळंच. प्रशिक्षक फळ्यावर नवी कवायत काढतो तेव्हा रांगेत पुढे कोण उभं राहतं आणि दोघाचौघांचं बघून घ्यायला मागे कोण सरकतं? चुकल्यावर प्रशिक्षक कानात दोन शब्द सांगतो, मग पुढच्या फेरीत काही बदलतं का? पहिल्या फेरीत चुकलेला आणि तिसऱ्या फेरीत बरोबर आलेला पोरगा आमच्या वहीत, तिन्ही फेऱ्या सारख्याच चांगल्या करणाऱ्याच्या वर जातो. कॅम्पच्या नावातच 'डेव्हलपमेंट' आहे, आणि चार दिवसांत मोजता येईल असा विकास एवढाच.

कॅम्पच्या यादीत नावापुढे 'एल' किंवा 'आर' आणि जन्मतारीख असते. डावखुरे इतके जास्त कसे? आणि जन्मतारखेचा काय उपयोग, सगळे अठरा-एकोणिसाचेच ना?
— एक वाचक, ठाणे

'एल' म्हणजे डावखुरा नव्हे. स्टिक धरताना खालचा हात डावा, एवढाच त्याचा अर्थ. उजव्या हाताने लिहिणारी असंख्य कॅनेडियन पोरं स्टिक अशीच धरतात. बचावपटूंमध्ये 'आर' कमी सापडतात आणि प्रत्येक संघाला शक्यतो एक डावा-एक उजवा अशा तीन जोड्या हव्या असतात. म्हणून उजव्या स्टिकचा बचावपटू थोडा अधिक सांभाळून घेतला जातो. यादी वाचताना हे लक्षात ठेवा.

जन्मतारीख मात्र फार कामाची. ड्राफ्टसाठी 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात. म्हणजे 20 सप्टेंबर 2006 ला जन्मलेला आणि 10 सप्टेंबर 2007 ला जन्मलेला, दोघेही 2025 च्याच ड्राफ्टमध्ये. जवळजवळ वर्षाचं अंतर! त्या वयात वर्षभरात पाच-सात किलो अंग चढतं आणि पायात निराळीच ताकद येते. दोघं सारखेच दिसले तर धाकट्याला वरचा शेरा द्यायचा.

लहान गटांत हा घोळ आणखी मोठा आहे. तिथे वय 1 जानेवारीपासून मोजतात, आणि कॅनडाच्या वरच्या ज्युनिअर संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी असते, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्येच दाखवून दिलं. नवव्या वर्षी जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापुढे थोराड दिसतो. त्याची निवड होते, त्याला चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि मग तो खरोखरच पुढे जातो.

माझी मुलगी फिगर स्केटिंग करते. तिच्यासमोर हॉकीवाल्यांचं स्केटिंग धसमुसळं वाटतं. स्काउट 'स्केटिंग चांगलं' म्हणतात तेव्हा त्यांना काय दिसतं?
— एक वाचक, कॅल्गरी

तुमच्या मुलीला दिसतं तेच दिसतं: कडा. हॉकीच्या ब्लेडला खालून खोबण असते, त्यामुळे एक आतली आणि एक बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. सरळ रेषेतला वेग डोळ्यांत भरतो, पण गोलजाळीच्या रेषेपासून पलीकडच्या ब्लू लाइनपर्यंत, म्हणजे 114 फूट, विनाअडथळा पळायची वेळ सामन्यात क्वचित येते. म्हणून पहिल्या तीन पावलांकडे बघा. थांबलेल्या अवस्थेतून निघताना गुडघा बुटाच्या टोकापुढे येतो का? मागचा पाय पूर्ण सरळ होतो, की अर्ध्यातच उचलला जातो? आणि उचललेला पाय अंगाखाली परत येतो का? तो बाहेरच्या बाहेर फिरला, तर दोन पाय दोन रुळांवरून चालल्यासारखे दिसतात आणि प्रत्येक पावलात थोडी ताकद वाया जाते.

त्यानंतर वळणं. चांगला पोरगा वळणात पायावर पाय टाकत वेग वाढवतो, साधारण पोरगा वळणात घसरत वेग खर्च करतो. बचावपटू पुढून मागे वळताना दोन्ही बाजूंनी वळतो का, हेही मोजा. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. पाच वेळा पाहिलं आणि पाचही वेळा तो डावीकडूनच वळला, म्हणजे उजवी बाजू तो लपवतोय. समोरच्या संघाचा व्हिडिओ बघणारा माणूस हे पहिल्या दहा मिनिटांत हेरतो.

मात्र शेरा लिहायच्या आधी एक खात्री करा. पोरगा एकाच बाजूच्या वळणात पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर तंत्राला नावं ठेवण्यापूर्वी ब्लेड बघायला हवं. दुसऱ्याच्या स्केटवर पाय पडून कडेला खाच गेली, किंवा धार लावताना एक कड उंच आणि एक खाली राहिली, की ऑलिम्पिकवालाही घसरेल. खोबण किती खोल आहे यावरही ठरतं. अर्ध्या इंच त्रिज्येची धार सर्रास चालते. त्याहून खोल असेल तर पकड वाढते आणि घसरण कमी होते, उथळ असेल तर उलट. जुलैत बाहेर उकाडा असला की बर्फ मऊ पडतं आणि खोल धार त्यात रुतते. असा पोरगा पहिल्या दिवशी जड वाटतो आणि दुसऱ्या दिवशी धार बदलून आला की हलका.

फिगर स्केटिंगचा उल्लेख तुम्ही केलातच, तर ही जोडी ऐका. ब्रेडन पॉइंट 2014 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, 79 व्या क्रमांकावर गेला. लहान चण आणि सामान्य वेग ही त्याच्याबद्दलची तक्रार. टँपा बेने त्याला बार्बरा अंडरहिल यांच्या हाती दिलं. या बाई म्हणजे 1984 च्या जोडी फिगर स्केटिंगच्या जगज्जेत्या. त्यांनी त्याचं पाऊल नव्याने घडवलं. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षी टँपाने एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला, आणि दोन्ही वेळा प्लेऑफमध्ये पॉइंटचे 14-14 गोल होते. यावरून 'स्केटिंग शिकवता येतं' असा सरसकट अर्थ मात्र काढू नका. गुडघा वाकवायला, पाऊल लांबवायला शिकवता येतं. घोटा आणि खुबा मुळातच आखडलेले असतील तर फरक थोडाच पडतो. म्हणून जिममध्ये पोरगा टाचा न उचलता किती खोल बसतो, हे लोक मुद्दाम बघतात. आपल्याकडे उकिडवं बसणं म्हणतात, तेच.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी तिनास तीन सामन्यात एका पोराने चार गोल मारले. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी त्याचं नावही घेतलं नाही. भाच्याने घर डोक्यावर घेतलंय.
— एक वाचक, न्यू जर्सी

भाच्याला सांगा, चार गोल खरेच आहेत, त्यांचं वजन मात्र कमी आहे. तिनास तीनमध्ये बर्फ मोकळं असतं, अंगाला अंग भिडवणं जवळपास बंद असतं आणि गोलरक्षक तीन दिवस शेकडो फटके खाऊन थकलेला असतो. एनएचएलच्या सामन्यात गोलावर गेलेल्या साधारण दहा फटक्यांतला एक आत जातो. इथे ते प्रमाण कुठल्या कुठे जातं. मोकळ्या बर्फावर हातचलाखीचा फॉरवर्ड राजा होतो, आणि ज्याची सगळी कमाई गोलासमोर धक्के खाण्यात आहे तो बिचारा दिसतच नाही. बचावपटूंचे तर हालच होतात.

शिवाय समोर कोण होतं ते विचारा. पाहुणा बावीस-तेवीस वर्षांचा, कॉलेजात चार वर्षं काढलेला, आणि समोर कालपरवा ड्राफ्ट झालेलं अठरा वर्षांचं पोर, असं असेल तर ती बरोबरीची झुंज नव्हे. कुणी ज्युनिअरच्या प्लेऑफमध्ये मेअखेरपर्यंत खेळून आलेला असतो, कुणी मार्चपासून बर्फाला शिवलेला नसतो. कुणाला आदल्याच दिवशी सायकलवर उलटी होईपर्यंत पिळलेलं असतं.

चार गोल विसरा असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ते कसे आले ते बघा. गोलरक्षक हलत असतानाच, पक थांबवून न घेता, मारलेला फटका पुढेही चालतो. चार बचावपटूंना हुलकावणी देत, पक पाच-सहा वेळा इकडून तिकडे नाचवून केलेला गोल टाळ्या घेतो, पण भरल्या मैदानात तिसऱ्या हुलकावणीपर्यंत पोहोचूच देत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक बघणाऱ्याच्या डोक्यात असते. पहिल्या फेरीतल्याने पास चुकवला की 'आज लय नाही', सातव्या फेरीतल्याने चुकवला की 'म्हणूनच सातव्या फेरीत गेला'. यावर एकच औषध: जर्सीचा आकडा लिहा, नाव लिहू नका, आणि शेरे लिहून झाल्यावरच यादी उघडा. जो पाव्हेल्स्की 2003 मध्ये सातव्या फेरीत 205 वा गेला, हेन्रिक झेटरबर्ग 1999 मध्ये 210 वा.

मी जिम चालवतो. कॅम्पमधल्या फिटनेस चाचण्यांचे आकडे बाहेर आले तर त्यावरून काही सांगता येतं का?
— एक वाचक, पुणे

थोडंसं. ड्राफ्टआधी बफेलोला होणाऱ्या कम्बाइनमध्ये (खेळाडूंच्या एकत्रित चाचण्यांत) असते तशीच जंत्री संघाच्या कॅम्पमध्येही कमी-जास्त प्रमाणात असते: उभी उडी, आडवी उडी, पुल-अप, मुठीची पकड, पाच-दहा-पाच यार्डांची वळणाची धाव, मास्क लावून सायकलवर ऑक्सिजनची चाचणी आणि सगळ्यांना धडकी भरवणारी विंगेट. अंगाच्या वजनाच्या प्रमाणात लावलेल्या ओढीविरुद्ध तीस सेकंद जीव तोडून पायडल मारायचं. तुम्ही बघायचं ते शिखर आणि घसरण. पहिल्या पाच सेकंदांतली ताकद पहिल्या पावलांशी मिळतीजुळती असते. शेवटच्या पाचांत ती किती उरते, यावरून पंचेचाळीस सेकंदांच्या शिफ्टच्या अखेरीस पाय कितपत चालतील याचा अंदाज येतो. आडवी उडीसुद्धा एका पायावरची मागावी, कारण स्केटिंग हा एका पायाचा खेळ आहे. डाव्या-उजव्यातला फरक तिथे उघडा पडतो.

एका पोराचा एका दिवसाचा आकडा घेऊन मात्र भविष्य सांगू नये. 2014 च्या कम्बाइनमध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही आणि त्याची मनसोक्त थट्टा झाली. तरी कॅल्गरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. 2025 मध्ये फ्लोरिडाने स्टॅन्ली कप राखला तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी त्याच्याच हातात होती. एकाच पोराचे दोन जुलैंचे आकडे शेजारी ठेवले तर त्यांना अर्थ आहे. वर्षभर सांगूनही ते हलले नसतील, तर गडी उन्हाळाभर काय करत होता हे वेगळं विचारायची गरज उरत नाही.

गोलरक्षकांबद्दल कुणीच काही लिहीत नाही. का?
— एक वाचक, बॉस्टन

कारण कॅम्पमध्ये गोलरक्षकाला जोखणं सगळ्यात अवघड. कवायतीत त्याच्यावर दम न घेऊ देता फटके येतात, मधे बचावपटू नसतो आणि पोरं निवांत नेम धरतात. म्हणून किती गोल खाल्ले ते मोजूच नका. फटका सुटण्याच्या क्षणी त्याचे पाय थांबलेले होते का, एवढं मोजा. सहा बाय चार फुटांच्या जाळीपुढे सरकता सरकता पकडलेला पक बहुधा नशिबाचा असतो. मग त्याच्या अंगावरून उडालेला पक कुठे जातो? कोपऱ्यात गेला तर ठीक, पुन्हा समोरच पडला तर मोठ्या सामन्यात तो दुसरा फटका असतो. गुडघ्यांवरून उठताना तो योग्य पाय आधी लावतो का? डावीकडे जायचं तर उजव्या पायाने ढकलायला हवं. घाईत चुकीचा पाय लावला की तो आधी उभा राहतो, मग सरकतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आणि धीर धरा. गोलरक्षक फॉरवर्डपेक्षा उशिरा पिकतात. हेन्रिक लुंडक्विस्ट 2000 मध्ये 205 वा गेला, पेका रिन्ने 2004 मध्ये आठव्या फेरीत 258 वा. आता ड्राफ्टला आठवी फेरीच उरलेली नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, ट्रिपल-ए (मुलांच्या हॉकीतला सर्वांत वरचा स्तर) खेळतो. अशा कॅम्पला अर्ज कुठे करायचा? एका 'प्रॉस्पेक्ट कॅम्प'ची जाहिरात आली आहे, फी बरीच आहे.
— एक पालक, ब्रॅम्प्टन

अर्ज नसतो. ड्राफ्ट न झालेल्यांना संघाचे स्काउट स्वतःच्या याद्यांमधून बोलावतात, तेही बहुतेक अठरापुढच्यांना. फी भरून मिळणारा कॅम्प हा वेगळाच व्यवसाय आहे. तिथे चांगला प्रशिक्षक असेल तर शिकायला जरूर पाठवा, पण 'एनएचएलचे लोक बघतील' या एका वाक्यासाठी पैसे मोजू नका.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न पुढच्या वर्षी-दोन वर्षांचा आहे. आधी मेजर ज्युनिअरला, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल अशा कॅनडाच्या वरच्या ज्युनिअर लीगमध्ये, एक सामना खेळला तरी अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. नोव्हेंबर 2024 मधल्या निर्णयाने तो नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ओएचएल खेळलेला मुलगाही एनसीएएमध्ये (अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धांमध्ये) जाऊ शकतो. त्यामुळे सोळाव्या वर्षी घाबरून एकच वाट धरायची गरज कमी झाली. उशिरा फुलणाऱ्यांना वेळ मिळतो तो असा. सरेचा अर्शदीप बैंस ड्राफ्टमध्ये कुणालाच नको होता. 2021-22 मध्ये, ज्युनिअरमधल्या सर्वांत मोठ्या वयाच्या खेळाडूंपैकी एक असताना, त्याने रेड डियर संघाकडून 112 गुण (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) करून डब्ल्यूएचएलमध्ये अव्वल क्रमांक घेतला. त्याच हंगामात व्हँकूवरने करार केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो एनएचएलच्या बर्फावर उतरला.

आमच्या क्लबच्या तेरा वर्षांखालील निवड चाचणीत यंदा मला गुण द्यायला बसवलंय. मी स्वतः जेमतेम स्केटिंग करते. मोठ्या कॅम्पमधलं आम्हाला काय घेता येईल?
— एक स्वयंसेवक आई, सिएटल

बरंच. मुलांना नाव नसलेल्या, फक्त आकड्याच्या जर्सी द्यायला लावा. दोघींनी तरी गुण द्या, वेगवेगळ्या बसून. सराव संपेपर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही. पहिली बोलणारी जिंकते आणि दुसरीचे गुण नकळत तिकडे झुकतात. एक ते पाच गुण ठेवा आणि सुरुवात मधल्यापासून करा: पहिली दहा मिनिटं काहीच न लिहिता गटातला सर्वसाधारण मुलगा कोणता ते ठरवा, त्याला तीन द्या आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघा. थेट पाचपासून सुरू केलं की अर्ध्या तासात सगळ्यांना चार पडलेले असतात.

वेळ अशी वाटा: दहा मिनिटं मोकळं स्केटिंग आणि दोन्ही बाजूंनी थांबणं, पंधरा मिनिटं एकास एक आणि दोनास एक, उरलेला सगळा वेळ आडव्या रिंकवर छोटे सामने. गटांची अदलाबदल दर आठ-दहा मिनिटांनी करा, नाहीतर एका चांगल्या मुलामुळे त्याच्या जोडीदारालाही गुण मिळतात. दोन चाचण्या, दोन वेगळ्या दिवशी घ्या. दोघींच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडलेली मुलं बाजूला काढा आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्यांच्याकडेच बघा. वरची पाच आणि खालची पाच कुणालाही कळतात, वाद मधल्या चार-सहांचा असतो. त्या मधल्यांमध्ये ज्यांचा जन्म ऑक्टोबर ते डिसेंबरमधला आहे, त्यांच्या नावापुढे खूण करून ठेवा.

आणि सोबत पेन्सिली न्या, दोन-तीन. रिंकच्या थंडीत बॉलपेन अर्ध्या तासात मान टाकतं.